मुठीतलं तूस

सरूआक्का कुठल्याही गोष्टीला आधी हाताची मागची बाजू लावायची. तळव्याचा तिला भरवसा नव्हता. भाकरी असो, भिंत असो, गाईचं नाक असो की माझं कपाळ, सगळ्याला उलटा हात. "तळवा कामानं मेल्याला असतोय," म्हणायची, "ह्यो मागचा आजून जित्ता हाय." दुसरी सवय मुठीची. जमिनीवरचं तूस, कोंडा, माती, जे असेल ते मूठभर उचलायचं, घट्ट दाबायचं आणि मूठ उघडून बघायचं. हातावर लाडू राहिला तर ओल आहे. सुटून पडलं तर बरं आहे. मूठ उघडताना तिचं तोंड असं व्हायचं, की कचेरीबाहेर निकालाला उभी राहिलेली माणसं आठवावीत.

या सवयी मला तिच्यापासून लागल्या. आणखी एक लागली. परक्या घरात पाऊल टाकलं की खिडकी कुठं आहे ते मी आधी बघते. नातवंडं हसतात. हसू देत. मी जन्माचीच भित्री, पण ही एक भीती मी जपून ठेवली आहे. उघड्या खिडकीमुळं माझी लेक जगली.

मी आटपाडीकडची. चौथीत होते तेव्हा धाकटा भाऊ झाला, त्याला काखेला मारून फिरवायला कोणीतरी हवं होतं, म्हणून माझी शाळा सुटली. पुढं लग्न झालं. नवरा सरकारी सडकेवर रोडकरी. नेमणूक मिळाली ती मुळशीत, पौडच्या पुढं, घाटाच्या बाजूला. आमच्या गावी आभाळाकडं बघत बसायची रीत. इथं चार महिने आभाळ खाली उतरून अंगणात बसलेलं. मिठाची बरणी पाझरायची. काडेपेटी चुलीच्या कडेला ठेवली तरच पेटायची. आईनं दिलेल्या लुगड्यावर बुरशीचे ठिपके आले, तेव्हा मी पडवीत बसून रडले.

ही पडवी सरूआक्काची. तिनं आम्हाला राहायला दिली होती. ती भाताची पेज घेऊन आली आणि उभ्यानंच म्हणाली, "रडतीस व्हय? हितं रडू नगंस, कौशे. हितं पदर वाळत न्हाई."

मी रडता रडता हसले. मुळशीत आल्यापासून पहिल्यांदा.

आक्का उंच, हाडापेरानं मोठी, बोलणं तोडून. नवरा तात्या तिच्या अगदी उलटा. भाताची दोन खाचरं, एक गाय, आणि दिवसभरात दहा शब्द. पावसाळ्याच्या तोंडाला तात्या कारवीच्या काठ्यांना पेंढा बांधून ताट्या करायचा आणि घराच्या चारी बाजूंनी लावायचा. सगळा गावच तसं करायचा. मग घर म्हणजे आतून अंधारी टोपली. पावसाचा थेंब आत येणार नाही, वाऱ्याची झुळूक नाही, चुलीचा धूर कौलांतून वाट काढेल तसा काढेल. जिनं ताटी सैल ठेवली ती आळशी बाई. भोक राहिलं तर चिंध्यांचा बोळा कोंबायचा. त्या मुलखात बाईची हुशारी बोळ्यावरून ठरायची.

विहिरीवर मला गजराबाई भेटली. गावची सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यामुळं कोणालाही एकेरीच बोलायची.

"सरूच्या घरात आलीस व्हय? बाई चांगली हाय. पन तिच्या हाताला वाढ न्हाई, येवढं ध्यानात ठिव. तुला दिवस ऱ्हातील तवा तिला जवळ करू नगंस."

मला कळेना. मग दुसऱ्या एकीनं सांगितलं. आक्काची दोन्ही लेकरं पावसाळ्यात झाली आणि पावसाळ्यातच गेली. एकाचंही बारसं झालं नाही. तेव्हापासून गावानं हे वाक्य धरलं होतं, आणि वाईट हे की आक्कानंही धरलं होतं. परसात दुधीचं बी टोचायचं तर मला हाक मारायची. "तू टोच. तुझा हात नवा हाय." विरजण लावायचं झालं तरी तात्याच्या हातून. कोणाच्या घरी तान्हं मूल असलं की ती आपले दोन्ही हात पदरात गुंडाळून उंबऱ्याबाहेर उभी राहायची. कोणी बस म्हणायचं नाही. ती बसायची नाही.

अशा बाईनं कोंबड्या मागून घेतल्या.

तालुक्याच्या ब्लॉक कचेरीची जीप आली होती. त्यातून चष्मा लावलेला एक तरुण साहेब उतरला. पुण्याकडून पांढऱ्या विलायती जातीची पिल्लं आणून गावोगाव पाळायला द्यायची, अशी काही योजना होती. चावडीपुढं तो सांगत होता, की ही कोंबडी गावठीसारखी उकिरड्यावर वाढत नाही. तिला खुराडं नको, मोठी शेड लागते, वर पत्रा, भोवती जाळी, खाली भाताच्या तुसाचा जाड थर. आणि पहिले काही आठवडे कंदिलाची ऊब. माणसं गालात हसत होती. "म्हंजी लेकीवानी सांभाळायची म्हना की," एकजण म्हणाला.

"मला द्या," मागून आक्का बोलली.

तात्यानं मान वर केली. गजराबाई तर मोठ्यानं म्हणाली, "सरे, अगं कोंबड्या तरी जगू देत!"

घरी आल्यावर मी भीत भीत विचारलं, की आक्का, तुम्ही कशाला घेतल्या? ती शेडसाठी मेखा ठोकायला बसली होती. म्हणाली, "दुसऱ्याची अंडी, दुसऱ्याची पिलं. कुनाच्या पोटची हायेत हे द्येवाला बी म्हायती नसंल. बघू, माज्या हातात वाढत्यात का."

मग मला कळलं, ही कोंबड्यांची गोष्ट नव्हे. ही तिच्या हाताची गोष्ट आहे.

ज्येष्ठात पिल्लं आली. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, कापसाच्या बोंडांसारखी, नुसता चिवचिवाट. आक्कानं मोठी दुरडी पालथी टांगून खाली कंदील ठेवला. पिल्लं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसली. ती उलटा हात त्यांच्यावरून फिरवायची, पण उचलायची नाही. एखादं उताणं पडलं तर मला म्हणायची, "कौशे, त्येला सरळ कर गं."

आठवड्याभरात आषाढ लागला आणि पावसाची झड सुरू झाली. मग आक्कानं तेच केलं जे मुळशीतली कुठलीही शहाणी बाई करेल. तात्याला सांगून शेडच्या जाळीला चारी बाजूंनी ताट्या बांधून घेतल्या. ताट्यांवर गोणपाट. गोणपाटाच्या फटीत बोळे. आत दोन कंदील. दार उघडून आत पाऊल टाकलं की उबेचा लोट अंगावर यायचा. आक्का समाधानानं म्हणायची, "बघ, माजघरावानी झालंय."

थोडे दिवस बरे गेले. मग पिल्लं थांबली. मरत नव्हती अजून, पण वाढत नव्हती. दाणा तसाच राहायचा. पिसं फुटायच्या दिवसांत पंख पाडून, डोळे मिटून, फुगून बसायची. चिमणीएवढी ती चिमणीएवढीच. शेडमध्ये असा दर्प सुटला की माझे डोळे चुरचुरायचे. आक्का रोज एकेका पिल्लाकडं बघायची.

साहेब आला तो भिजत, जीप ओढ्यापलीकडं ठेवून, पायी. शेडमध्ये शिरला आणि त्याच्या चष्म्याच्या काचा एकदम पांढऱ्या झाल्या. तो तसाच उभा राहून म्हणाला, "बाई, हे बघा. माझ्या काचेवर जे बसलंय ना, तेच या पिलांच्या छातीत बसतंय."

"मग चष्मा काढा की, सायेब," आक्का म्हणाली.

तात्यासुद्धा हसला. साहेब हसला नाही. चांगला पोरगा होता तो. काचा पुसत समजावू लागला, की पिल्लांच्या श्वासातून पाणी निघतं, शिटेतून निघतं, ते बाहेर जायला वाट नसली की तुसात मुरतं. वर ऊब आणि खाली ओल, म्हणजे रोगाला आयतं अंथरूण. पिल्लाची सगळी ताकद जीव धरून ठेवण्यात जाते, मग ते वाढेल कशानं? "पावसाला अडवा बाई, वाऱ्याला अडवू नका. वरची हातभर पट्टी मोकळी सोडा."

"आषाढात?" आक्का म्हणाली. "सायेब, तुमी पुन्याचं. हितला वारा तुमास्नी म्हायती न्हाई. उघडं टाकलं तर सकाळी टोपलीनं उचलावी लागत्याल."

तो गेला, आणि आक्कानं आणखी एक कंदील मागवला.

त्यानंतर पिल्लं रक्त हगू लागली. सकाळी दार उघडलं की मेलेली कोपऱ्यात. तात्या ती निमूट उचलून नेऊन पुरायचा. विहिरीवर गजराबाईनं मला विचारलं, "मग? काय म्हनत्यात सरूची लेकरं?" मी घागर भरून तशीच निघाले. वाटेत वाटलं, आपण काही उत्तर द्यायला हवं होतं. पण बाहेरगावची बाई, कोणाच्या जिवावर बोलणार?

आक्का जेवेनाशी झाली. एकदा शेडच्या दारात बसून आपल्या हातांकडं बघत होती. तळव्यांकडं नाही, उलट्या बाजूकडं. "ह्यो हात तोडून टाकावा असं वाटतं, कौशे," म्हणाली. आवाज साधाच होता. त्यानंच मला घाबरवलं.

मग वाऱ्याची ती दुपार आली. शेडच्या मागच्या बाजूला, जिकडून पाऊस मारत नाही त्या उगवतीच्या अंगाला, एक ताटी कोपऱ्यात फाटून लोंबू लागली. तात्या लावणीला गेलेला. आक्काला ताप. तिनं मला गोणपाट लावायला सांगितलं, पण माझा हात तिथवर पुरेना. कोपरा तसाच राहिला. त्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशीही.

तिसऱ्या दिवशी आक्का उठली आणि बोळा घेऊन शेडमध्ये गेली. मी मागोमाग. ती दारातच थबकली.

उरलेली पिल्लं कंदिलापाशी नव्हती. तीन कंदील ऐटीत जळत होते आणि त्यांच्याकडं पाठ करून सगळी पिल्लं त्या फाटक्या कोपऱ्यात, गार वाऱ्यात जाऊन बसली होती. काही तर दाणे टिपत होती. एकानं पंख झाडला. पिसं कोरडी होती.

आक्का खाली बसली. कंदिलाखालचं तूस मुठीत घेऊन दाबलं. लाडू झाला, त्यातून पाणी सुटलं. मग गुडघ्यांवर सरकत कोपऱ्यात गेली. तिथलं तूस उचललं, दाबलं, मूठ उघडली. तूस बोटांमधून सुटून भुरभुर खाली पडलं.

मग उठली आणि हातातला बोळा बाहेर चिखलात फेकून दिला. गोणपाट ओरबाडून काढले. संध्याकाळी तात्या घरी आला तो पावसात उभाच राहिला. त्याची बायको भर आषाढात ताट्यांची वरची पट्टी कोयत्यानं कापत होती.

"अगं, लोक काय म्हनत्याल?"

"म्हनू द्या. त्यांच्या तोंडात बोळा कोंबा, ह्यो मोकळा झालाय."

पुढं रोज सकाळी तिचं एकच काम. दाताळ्यानं तूस वरखाली करायचं, भिजलेलं काढून टाकायचं, चुना भुरभुरायचा आणि माळ्यावर चुलीच्या धुरात वाळलेलं नवं तूस पसरायचं. मग मूठ. पिल्लांना वाऱ्यानं पिसं फुटली. भूक लागली. श्रावण सरता सरता त्यांचे पाय लांबले, तुरे दिसू लागले. हिवाळ्यात पहिलं अंडं मिळालं तेव्हा आक्कानं ते उलट्या हातावर ठेवून मला दाखवलं. पडेल म्हणून माझा जीव खालीवर.

"वाढली," ती म्हणाली. बस्स, एवढंच.

मला वाटलं, आता गाव ते वाक्य सोडील. गजराबाई अंडी न्यायला आली आणि म्हणाली, "कोंबड्यांचं येगळं असतंय."

उन्हाळ्यात पत्रा तापला की कोंबड्या चोच उघडी टाकून धापा टाकायच्या. दाणा बघायच्याही नाहीत, आणि खाणं थांबलं की अंग वाढायचं थांबतं. आमच्याकडं आटपाडीला भर उन्हात ओले गोणपाट दारात टांगतात, तसं मी सुचवलं. चैत्रात ते छान लागू पडलं. शेड गार व्हायची, आक्का मला "मानदेशची मास्तरीन" म्हणायची. पण वैशाखाच्या शेवटाला ढग जमू लागले, झाडाचं पान हलेना, अंगाचा घाम अंगावरच राहू लागला. त्या दिवशी मी पाण्याची बादली उचलली, तेवढ्यात आक्कानं हात वर करून उलटी बाजू हवेत धरली. बराच वेळ धरली.

"ठिव खाली. आजचं वारं आधीच प्यालंय. त्येला आनि कशाला पाजतीस? ह्या बी धापा टाकून घाम सुकवत्यात. वारंच ओलं झालं, तर सुकवतील कशात?"

तिनं टांगलेले गोणपाटही काढून टाकले आणि दाणा पहाटेच्या गारव्यात घालायला लागली. खालच्या वाडीत एकानं त्याच दिवसांत शेडमध्ये पाणी मारलं. त्याच्या कोंबड्या दुपारी पटापट पडल्या. आक्का ते ऐकून खूश नाही झाली. म्हणाली, "त्येनं बी मायेनंच मारलं असंल."

तेव्हा मी गरोदर होते. पहिलटकरणीनं माहेरी जायचं. आषाढ संपला की जाईन असं ठरलं होतं. पण दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. ओढ्याला पूर, एसटी बंद. आई आटपाडीला. मी आक्काच्या माजघराशेजारच्या त्या लहान खोलीत बाळंत झाले, जिथं तिची लेकरं झाली होती. घरात दुसरी खोलीच नव्हती.

मुलगी झाली. लहानखुरी, ओंजळीत मावेल एवढी. गजराबाईनं सगळं रीतसर केलं. बाजेखाली शेण्यांची शेगडी. ओव्याची धुरी. दार लावून घेतलं, खिडकीच्या भोकात बोळा. बाळाला तीन फडकी घट्ट. आणि उंबऱ्यावर आक्काला अडवून म्हणाली, "तू आत यायचं न्हाई, सरू. तुला म्हायती हाय कशापायी."

आक्का "व्हय" म्हणाली आणि हात पदरात गुंडाळून दाराबाहेर बसली.

पहिल्या दिवशी पोरगी थोडंफार प्याली. नंतर तोंड फिरवू लागली. अंगावर घामोळं उठलं. श्वास घेताना घशात बारीक घुरघुर. मी विचारलं तर गजराबाई म्हणाली, "गारठा हाय, आजून शेक लागंल," आणि शेगडीवर शेणी वाढवली. भिंतीवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. धुरानं मला आई आठवेना, गाव आठवेना, फक्त ती घुरघुर ऐकू येत होती.

दाराबाहेरून आक्काचा आवाज आला. "कौशे, तिचा आवाज कसा येतोय?"

मी सांगितलं. मग आवाज आला, "तसा आवाज मी आईकलाय."

"व्हय, आईकलाच असशील!" गजराबाई फटकन बोलली. "दोनदा!"

त्या क्षणी मला काय झालं कुणास ठाऊक. आयुष्यात कोणाला उलट न बोललेली मी, ओरडले, "आक्का, आत या!"

दार उघडलं. ती आत आली. आधी भिंतीला उलटा हात लावला. मग बाळाच्या फडक्याला. मग माझ्या अंगाखालची गोधडी मुठीत धरून दाबली, आणि मूठ उघडून बघितली. गोधडीचा चोळामोळा तसाच राहिला.

तिनं खिडकीचा बोळा ओढून काढला. शेगडी उचलून चुलीपाशी नेली. तात्याला हाका मारून माळ्यावरची वाळलेली फडकी मागवली. "पोरीची फडकी सोड. उघड्या छातीशी धर. ऊब आंगाची द्यायची, आगीची न्हाई. वरनं कोरडं घाल."

गजराबाई आडवी आली. "पोर मेलं तर तुझ्या नावावर जाईल, सरे!"

"जाऊ दे," आक्का म्हणाली. "माज्या नावावर हायेतच दोन."

गजराबाई तिथून निघून गेली.

उगवतीच्या खिडकीतून वारा आला. पाऊस नाही, नुसता वारा. मला थंडी वाजली आणि भीती वाटली, की आपण हे काय करून बसलो. आक्का दोन हात लांब बसली होती. बाळाला तिनं अजूनही हात लावला नव्हता. मला सांगत होती आणि मी करत होते. दर थोड्या वेळानं फडकं बदललं. दिवस मावळायच्या सुमाराला घुरघुर कमी झाली. पोरीनं तोंड हलवलं, छाती धुंडाळली आणि प्यायला लागली. तिचा चुटचुट आवाज ऐकून तात्या दाराबाहेर मोठ्यानं खाकरला. तो रडत होता.

मी आक्काकडं बघितलं. वाटलं, आता ही हसेल.

ती त्या खिडकीकडं बघत होती, आणि तिचा चेहरा मेलेली पिल्लं बघायची तेव्हाही इतका वाईट नव्हता.

त्या दिवसानंतर गावानं ते वाक्य खरंच सोडलं. कोणी बाळंत झालं की "आक्काला बोलवा" म्हणू लागले. गजराबाईसुद्धा, आधी तोंड वाकडं करून आणि मग सरळ. आक्का जायची. बोळे काढायची, शेगडी हलवायची, गोधडी दाबून बघायची. पण तान्हं बाळ तिनं कोणाचंच मांडीवर घेतलं नाही. माझी सुमन रांगत तिच्या पायाशी गेली तरी हात पदरात. मला ते लागायचं. एकदा मी धीर करून बोलले, "आक्का, आता तर सगळं गाव म्हणतं तुमच्या हाताला यश आहे. मग अजून काय?"

ती तूस चाळत होती. चाळण थांबली.

"हाताला वाढ न्हाई म्हनायची ना, कौशे, तवा सोपं हुतं. हात द्येवानं दिल्याला. त्येला शिव्या घालून निजता याचं." चाळणीतला एक खडा वेचून टाकला. "दुसऱ्या बाळाच्या वक्ताला वढ्याला पूर हुता. सुईन आलीच न्हाई. त्या खिडकीत बोळा मीच कोंबला. चांगला दाबून."

"तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा?"

"म्हायती न्हवतं म्हनून ते वाचलं का?"

चाळण पुन्हा सुरू झाली. मी तिच्यापाशी बसले आणि चाळलेलं तूस गोणीत भरू लागले.

पुढच्या वर्षी ज्येष्ठात आमची बदली सोलापूरकडं झाली. कोरडा मुलूख, माझ्या माहेरच्या जवळ. मी आनंदात असायला हवं होतं. सामान बांधताना मी प्रत्येक गाठ दोनदा बांधली आणि दोनदा सोडली. बाहेर भुरभुर सुरू होती. तात्यानं घराला ताट्या लावल्या होत्या, चारी बाजूंनी, नेहमीसारख्या. फक्त त्या खोलीची खिडकी सोडली होती. कोणी राहत नव्हतं त्या खोलीत आता; कोंबड्यांसाठीचं सुकं तूस तिथं पसरून ठेवलेलं असायचं.

मी सुमनला आक्कापुढं धरलं. "एकदा घ्या की. आता परत कधी भेट व्हायची?"

तिनं पदरातून एक हात काढला. उलट्या बाजूनं सुमनच्या गालाला लावला, मग कपाळाला, मग गळ्याखाली. "कोरडी हाय," म्हणाली. "तिकडं जा. तिकडं चांगली वाढंल." आणि आत निघून गेली.

एसटी सडकेवर उभी होती, आमचे हे हाका मारत होते. मी घराच्या मागच्या अंगानं निघाले, कारण तिकडून वाट जवळची. खिडकी उघडीच होती. आत सरूआक्का खाली बसली होती, भिंतीपाशी, जिथं बाज असायची. तिनं मूठभर तूस उचललं होतं आणि मूठ आवळली होती. नुसती दाबलेली नव्हे. बोटांची पेरं पांढरी पडलेली. मी खिडकीशी थांबले. तूस सुटून पडेल, ती उठेल, माझ्याकडं बघेल, असं वाटलं.

हॉर्न वाजला. सुमन दचकून रडायला लागली. आक्कानं मान वर केली नाही.

मी निघाले तोवर ती मूठ उघडली नव्हती.